कार्यक्रमाचं शूटिंग: २५, ३०, ५० की ६०? कॅमेऱ्यात फ्रेम रेट नेमका कुठला ठेवायचा?

चक्रधार
मंडळी, लेकीच्या कथक क्लासचा वार्षिक कार्यक्रम आहे, कोथरूडला, यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात. पालकांमध्ये बरा कॅमेरा माझ्याकडेच असल्यामुळे शूटिंग माझ्या गळ्यात पडलंय. मिररलेस नवा आहे. फोटोंचं जमतं, पण व्हिडिओच्या मेनूत शिरलं की घाम फुटतो.

आधी पॅल की एनटीएससी असं विचारतो. पॅल निवडलं की २५, ५०, १०० हे फ्रेम रेटचे, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची त्याचे, आकडे दिसतात. एनटीएससी केलं की २४, ३०, ६०, १२०. एकातून दुसऱ्यात जायचं तर म्हणे कार्ड फॉरमॅट करा. दुकानदार म्हणाला, "६० ठेवा मॅडम, आकडा मोठा तेवढा व्हिडिओ भारी." भाचा म्हणतो २४ शिवाय पर्याय नाही, बाकी सगळं सासबहूच्या मालिकेसारखं दिसतं.

गरजा दोन. आमच्या गुरुताईंना नंतर मुलींना समोर बसवून पाय आणि हस्तक (हातांच्या हालचाली) दाखवायचे आहेत. आणि पालकांना यूट्यूबची लिंक हवी आहे. शिवाय गणपतीत धाकट्या दिराचं ढोलपथक आहेच, तेही मीच. तर एकदाच काय ते सेट करून ठेवता येईल का?

नदीपात्र
वाचतोय. सतरंजी टाकली आहे.

मांडव_परतणी
ताई, लग्नं आणि मुंजी शूट करणं हे माझं पोट आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

पहिलं म्हणजे दुकानदाराचं विसरा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारा जुन्या चोकचा ट्यूबलाइट किंवा साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर, म्हणजे एक फ्रेम उजेड घेते तो वेळ, १/५० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाची बरोब्बर दोन पूर्ण आवर्तनं मावतात. १/१०० असेल तर एक. म्हणून सगळ्या फ्रेम सारख्या उजळ येतात. १/६० ठेवलं की हिशोब तुटतो, पावणेदोनच्या आसपास आवर्तनं पकडली जातात आणि व्हिडिओत काळसर आडवे पट्टे वरखाली सरकायला लागतात. कार्यालयाच्या भिंती पांढऱ्या असतील तर ते पट्टे नवरानवरीपेक्षा जास्त उठून दिसतात.

त्यामुळे पॅल ठेवा. २५ ला शटर १/५०, ५० ला शटर १/१००. कार्ड फॉरमॅटचा प्रश्न एकदाच येतो, आत्ताच कार्ड रिकामं आहे तोवर उरकून घ्या.

चोवीस_कॅरट
आला धागा ज्याची वाट बघत होतो. भाच्याला माझा नमस्कार सांगा.

२४ हा आकडा कुणी हौसेनं काढलेला नाही. मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवायचे, वेग कॅमेरामनच्या मनगटावर. १९२० च्या दशकाच्या शेवटी फिल्मवरच आवाज आला आणि वेग पक्का करावाच लागला, नाहीतर गाणं वरखाली झालं असतं. फिल्म महाग, म्हणून आवाज बरा येईल आणि हालचालही पटेल असा मधला आकडा ठरला. तेव्हापासून आपल्या डोळ्यांना "सिनेमा" म्हणजे २४ ही सवय लागली आहे. मुलींचा कार्यक्रम सिनेमासारखा दिसावा असं वाटत असेल तर २४.

लॉ_कॉलेज_रोड
@चोवीस_कॅरट, इतिहास बरोबर, निष्कर्ष नाही. २४ आणि २५ मधला फरक समोर चालू असताना ओळखून दाखवा, मिसळ माझ्याकडून. सिनेमासारखं दिसतं ते प्रकाशामुळे, लेन्समुळे, आणि शटर फ्रेमच्या कालावधीच्या निम्मं ठेवल्यानं जी धूसरता येते तिच्यामुळे. ट्यूबलाइटखाली १/१००० शटरवर २४ फ्रेम घेतल्या तरी ते सीसीटीव्हीच दिसणार.

चोवीस_कॅरट
कुठली मिसळ ते आधी सांगा, मग ओळखतो.

नारायणपेठी
इथे मिसळीचा विषय नको, मागच्या धाग्यात त्यावरून दोघं कायमचे गेले.

दूरचित्र
पॅल म्हणजे काय आणि २५ का, हे नव्या मंडळींना माहीत नसेल म्हणून लिहितो. मी त्या पिढीतला, जिला १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर सिंहगडाच्या मनोऱ्याकडे तोंड करून अँटेना फिरवावी लागायची.

टीव्ही आला तेव्हा चित्राचा वेग विजेच्या वेगाशी जुळवून घेतला गेला, म्हणजे विजेचा गुणगुणाट चित्रात लाटेसारखा फिरत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झ, म्हणून तिकडे ३०, तेच मेनूतलं एनटीएससी. युरोपात आणि आपल्याकडे ५०, म्हणून २५, ते मेनूतलं पॅल. तिकडे १९५३ साली रंगीत टीव्हीचं मानक ठरवताना रंगाचा संकेत आवाजाच्या संकेतात लुडबुड करू नये म्हणून ३० चा वेग हजारात एकनं कमी केला. कॅमेऱ्यात जो २९.९७ दिसतो तो तोच. तुमच्या मेनूतलं २४ सुद्धा बहुतेक वेळा २३.९७६ असतं. आपल्याकडे १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आलं ते पॅल, तिथे ही अपूर्णांकाची भानगडच नाही. २५ म्हणजे २५.

आता गंमत. पॅल देशांत सिनेमा टीव्हीवर दाखवताना २४ ची फिल्म सरळ २५ नं पळवायचे. अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपायचा. आणि सूर चढायचा. हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर, त्याच्या ७० टक्के. कान तयार असलेल्याला बोचतोच.

तिहाई
@दूरचित्र काका, हा शेवटचा मुद्दा नाचवाल्यांसाठी सोन्याचा आहे. आमच्या एका कार्यक्रमात एक कॅमेरा २४ वर होता, दुसरा २५ वर. ज्यानं एडिटिंग केलं त्यानं २४ चं फुटेज २५ वर "जुळवून" घेतलं. एका कोनातून लेहरा (तबल्याबरोबर सतत चालणारी धून) एका पट्टीत, दुसऱ्या कोनातून किंचित वर. तबलजींनी पाच सेकंद ऐकलं आणि लॅपटॉप मिटला. त्यामुळे ताई, दुसरा कॅमेरा असेल तर तोही त्याच आकड्यावर, आणि आवाज एकाच यंत्रावरचा शेवटपर्यंत वापरायचा.

पौड_फाटा
थोडा वेगळा सूर लावतो. पॅलचा एवढा आग्रह कशासाठी? व्हिडिओ कोण कशावर बघणार? फोनवर आणि लॅपटॉपवर, आणि त्यांचे बरेचसे पडदे सेकंदाला ६० वेळा बदलतात. ३० फ्रेमचा व्हिडिओ तिथे छान बसतो, प्रत्येक फ्रेम दोनदा. २५ चा बसत नाही. एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, परत दोनदा, असं अडखळत जातं. कॅमेरा डावीकडून उजवीकडे संथ फिरवलात की कडांना ते ठेचकाळणं दिसतं.

आणि पट्ट्यांचं म्हणाल तर ३० फ्रेमवरही शटर १/५० ठेवता येतं. शटर आणि फ्रेम रेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मांडव_परतणी
@पौड_फाटा, हे मान्य. ३० ला १/५० चालतं, ६० ला १/१०० सुद्धा चालतं. अडचण ऑटोवाल्यांची होते. एनटीएससीमध्ये ऑटोवर ठेवलं की कॅमेरा स्वतःहून १/६० किंवा १/१२५ कडे धावतो. शटर हातानं लावणाऱ्यानं काहीही निवडावं. लग्नात आमच्याबरोबरची पोरं नवी असतात, म्हणून मी सगळ्यांचे कॅमेरे पॅलवर लावून देतो आणि डोक्याचा ताप वाचवतो.

टिपरू
मग १२० चं काय? स्लो मोशनसाठी मला तेच आवडतं.

लॉ_कॉलेज_रोड
१२० ला एक फ्रेम फार तर १/१२० सेकंद उघडी राहू शकते. उजेडाचं एक आवर्तन १/१०० चं. म्हणजे पूर्ण आवर्तन मावतच नाही. लुकलुकणाऱ्या दिव्याखाली १२० नं पट्टे किंवा फडफड येणारच, कितीही महाग कॅमेरा घ्या. १०० ला शटर १/१०० म्हणजे अगदी काठावर जमतं. दिवसा उजेडी हा प्रश्नच नाही, सूर्य ५० हर्ट्झवर चालत नाही.

नारायणपेठी
तो तरी नियमित येतो.

विद्युत_मंडळी
नोकरीमुळे एक मुद्दा घालतो. ५० हर्ट्झ म्हणजे काट्यावर ५० नाही. ग्रिडची मान्य मर्यादा ४९.९० ते ५०.०५. एवढ्या फरकानं व्हिडिओत काही बिघडत नाही, फार तर निरखून पाहिलं तर उजेडाची अगदी फिकट लाट हळू सरकताना दिसेल. खरी मजा जनरेटरवर. लॉनवर वीज गेली, जनरेटर धडधडला, त्यावर डीजे, चाट काउंटर आणि कुलर सगळे एकदम आले की वारंवारता खाली बसते. तेव्हा तुमचं १/५० जुळत नाही आणि पट्टे चालायला लागतात.

मांडव_परतणी
अहो, हे अगदी खरं! मला वाटायचं लॉनवाल्यांचे दिवेच तसले. वरमाला चालू असताना वीज गेली तेव्हाचं फुटेज आणि त्याआधीचं फुटेज शेजारी ठेवलं तर दोन वेगळ्या कॅमेऱ्यांचं वाटतं. काही कॅमेऱ्यांत शटर अपूर्णांकात फिरवायची सोय असते, १/५०.३, १/४९.८ असं. स्क्रीनवर पट्टे थांबेपर्यंत चाक फिरवत राहायचं. स्टेजमागे एलईडी वॉल असली की तर त्याच्याशिवाय गत्यंतर नाही, कारण त्या भिंतीचा वेग विजेवर नाही, तिच्या आतल्या यंत्रावर ठरतो.

हिरवा_पडदा
नाट्यगृहाबद्दल लिहितो, विंगेत उभं राहून बरीच वर्षं गेली आहेत. जुने हॅलोजन स्पॉट असतील तर निर्धास्त राहा. तार तापून उजळते आणि थंड व्हायला वेळ घेते, त्यामुळे लुकलुक अगदी कमी. आता प्रकाशयोजनाकार एलईडीचे ‘पार’ नावाचे दिवे लावतात, आणि ते मंद करायची रीत म्हणजे दिवा झपाट्यानं चालू-बंद करणं. पूर्ण उजेडात ठीक दिसणारा पार वीस टक्क्यांवर आणला की कॅमेऱ्यात नाचायला लागतो. स्वस्तातल्यांत जास्त. त्यात १/५० चा मंत्र चालेलच असं नाही.

म्हणून ताई, रंगीत तालमीला कॅमेरा घेऊन जा. मुलींचं नको, रिकाम्या मंचाचं शूटिंग करा. लाइटवाल्याला विनंती करा की निळा, लाल, अंबर एकेक करून पूर्ण लावा आणि हळूहळू उतरवा. मागे काळा पडदा असेल तर पांढरी ओढणी धरून एखादीला उभं करा, काळ्यावर पट्टे दिसत नाहीत. पाच मिनिटांचं काम आहे. लाइटवाल्याला चहा पाजलात तर तो कमी उजेडाचे प्रवेश थोडे वर उचलूनही देतो.

नदीपात्र
हा प्रतिसाद छापून विंगेत लावायला हवा.

तिहाई
आता पायांबद्दल. गुरुताईंना काय बघायचं आहे? द्रुत लयीत तत्कार (पायांनी वाजवलेले बोल) चालू असताना टाच आणि तळवा वेगळे दिसले पाहिजेत. २५ फ्रेमला दोन फ्रेममध्ये ४० मिलिसेकंद जातात, ५० ला २०. चौपटीत पाय एवढा भराभर पडतो की २५ मध्ये एखादा आघात दोन फ्रेमच्या मध्येच हरवल्यासारखा होतो, घुंगरू ऐकू येतात आणि पाय आधीच वर. ५० मध्ये तो सापडतो. चक्कर घेताना नजर आधी वळते की खांदा, हेही ५० मध्ये एकेक फ्रेम पुढे सरकवून दाखवता येतं.

पण शटर १/१०० ला हाताची बोटं धूसर होतातच. अगदी थांबवून हस्तक बघायचा असेल तर १/२०० किंवा वर हवं, आणि तिथे परत उजेडाचं आवर्तन तुटतं. त्यासाठी मी सरळ सांगते, क्लासमध्ये दुपारी खिडकीच्या उजेडात वेगळं शूटिंग करा, दिवे बंद करून. मंचावरच्या एका व्हिडिओकडून सगळं मागू नका.

पौड_फाटा
५० घेताना एक विसरू नका. १/५० वरून १/१०० वर गेलात की उजेड निम्मा. मंद प्रकाशातला ठुमरीवरचा भाव दाखवणारा प्रवेश असेल तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढवावा लागेल आणि चित्रात दाणे येतील. काही कॅमेरे फोर केमध्ये ५० किंवा ६० ला चित्राच्या कडाही कापतात, मग मागच्या रांगेत बसलेल्यांचं बरं, पुढच्यांच्या चौकटीत मंचाची एक बाजू मावत नाही.

सौ_शनिवार
माझा अडाणी प्रश्न. ५० मध्ये घेतलं म्हणजे सगळं स्लो मोशनमध्ये दिसतं का? आमच्या भाचीच्या लग्नाच्या व्हिडिओत सगळे मधात पडल्यासारखे चालत होते. भटजींचा हात आशीर्वादाला वर गेला तो खाली येईपर्यंत मी चहा टाकून आले.

मांडव_परतणी
नाही काकू. ५० नं घेतलेलं ५० नंच दाखवलं तर वेग नेहमीचाच, फक्त हालचाल गुळगुळीत दिसते. एडिटिंगमध्ये २५ च्या टाइमलाइनवर टाकून मुद्दाम ताणलं तरच निम्म्या वेगानं दिसतं. ते ताणायचं की नाही हा एडिटिंग करणाऱ्याचा दोष, आकड्याचा नाही. आणि हो, आमच्यातली काही मंडळी ताणतात जरा जास्तच.

कॅमेऱ्यात स्लो मोशनचा वेगळा मोड असतो तो मात्र कार्यक्रमाला लावू नका. त्यात अनेक कॅमेरे आवाजच घेत नाहीत. कथक मुकं आलं तर गुरुताई तुम्हालाच तत्काराला उभं करतील.

टिपरू
ढोलाबद्दल कुणी बोलेना. पथकात वाजवतो आणि शूटही करतो, म्हणून लिहितो.

ढोलाचं टिपरू १/५० ला पंख्यासारखं पसरलेलं दिसतं. ताशाच्या काड्या तर दिसतच नाहीत, नुसता धूर. काहींना तेच आवडतं, जोर वाटतो. मला टिपरू पानावर, म्हणजे ढोलाच्या ताणलेल्या पडद्यावर, आदळताना दिसायला हवं, म्हणून दिवसा मी ५० फ्रेम आणि १/२०० ठेवतो. पानाचं थरथरणं आणि दोरीवरची धूळ उडताना दिसते. संध्याकाळी दिवे लागले की १/१०० वर परत. ध्वज नाचवणारा घ्यायचा असेल तर १/५० च बरं, कापड वाहतं दिसतं.

दिवसा उन्हात १/५० हवं असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची काळसर काच, लागतो. आयएसओ १०० आणि एफ २.८ ला भर उन्हात सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड होतो, म्हणजे एनडी ६४. लक्ष्मी रोडवर मात्र दोन्हीकडच्या इमारतींमुळे सावलीच जास्त आणि मधल्या गल्लीच्या तोंडाशी एकदम ऊन, तिथे बदलता एनडी कामाचा. काचेवर गुलाल बसला की कोरड्या फडक्यानं पुसू नका, आधी ब्लोअर.

चोवीस_कॅरट
म्हणजे माझ्या २४ ला कुणीच वाली नाही.

लॉ_कॉलेज_रोड
आहे की. तुम्ही लघुपट करा, १/५० ठेवा, २४ आपल्या विजेखाली उत्तम चालतं. पण सव्वा तास मंचासमोर एकाच जागी उभं राहून नाच टिपायचा असेल तर २४ नं काय कमावलं?

कर्वे_पुतळा
एक राहिलंच. बाकीचे पालक फोनवर काढणार आणि "माझ्या पिल्लूचा क्लोजअप घाला" म्हणून फुटेज पाठवणार. फोन सहसा ३० वर असतात, आणि वेग एकसारखाही ठेवत नाहीत. उजेड कमी झाला की फ्रेम कमी करतात. ते २५ च्या टाइमलाइनवर टाकलं की दर सहा फ्रेममागे एक गळते, तत्कारात ते लगेच खुपतं, आणि लांबलचक क्लिपमध्ये आवाज पुढेमागे होऊ शकतो. आयफोनवाल्यांना कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पॅल स्वरूप दाखवायची सोय आहे, ती आधी चालू करायला सांगा. बाकीच्यांचं फुटेज हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून एकसारख्या फ्रेम रेटला बदलून मगच एडिटिंगला घ्या.

चक्रधार
बाप रे. एका आकड्याचा प्रश्न विचारला आणि सिंहगडापासून जनरेटरपर्यंत सगळं आलं. सगळ्यांचे आभार. आता माझं ठरलंय ते असं: कार्ड फॉरमॅट करून कॅमेरा पॅलवर. कार्यक्रम ५० आणि १/१००. रंगीत तालमीला जाऊन दिवे बघणार, फारच अंधारा प्रवेश असेल तर तेवढ्यापुरतं २५ आणि १/५०. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. हे चालेल का? आणि यूट्यूबवर ५० टाकू की २५ करून?

पौड_फाटा
मी ३० वाला असूनही सांगतो, चालेल. यूट्यूबवर ५० च टाका, जसं घेतलंय तसं. ज्याच्या फोनवर ७२० किंवा त्याच्या वरचं चालेल त्याला ५० दिसेल. जो ४८० वर बघेल त्याला यूट्यूबच निम्म्या फ्रेम दाखवेल, आपण कापायची गरज नाही. अंधाऱ्या प्रवेशाचं २५ त्याच ५० च्या टाइमलाइनवर टाका, प्रत्येक फ्रेम दोनदा जाते, अडखळत नाही. २५ आणि ५० चं हेच सुख.

तिहाई
प्रवेश चालू असताना आकडा बदलू नका एवढंच. मध्ये निवेदक बोलत असतो तेव्हा बदला. तो बोलायला लागला की भरपूर वेळ मिळतो.

हिरवा_पडदा
निवेदकांवर टीका नको, मी करतो ते काम अधूनमधून.

कर्वे_पुतळा
आणि काही कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात, ते घरी एकदा चालू ठेवून तपासा. ऐन तराण्यात लाल ठिपका गेला तर कळतही नाही.

चक्रधार
तपासते. कार्ड ६४ जीबीचं आहे, व्ही३० लिहिलंय. पुरेल का?

मांडव_परतणी
वेगाला पुरेल. व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट, आणि १०० मेगाबिटचं रेकॉर्डिंग म्हणजे फक्त साडेबारा मेगाबाइट. जागा मात्र अगदी काठावर. त्या दरानं तासाला ४५ जीबी जातात. १२८ चं एक घ्या आणि हे ६४ चं खिशात ठेवा.

सौ_शनिवार
कार्यक्रम कधी आहे ते सांगा, मी येते बघायला. लिंकची वाट कोण बघत बसणार.